अंडे एक, शब्द दोन : प्रमाण इंग्रजीच्या घडणीचे एक प्रकरण

वारा पडला आणि टेम्स नदीतून समुद्राकडे निघालेले एक गलबत केंटच्या टोकाशी अडकून पडले. गलबतावरच्या इंग्रज व्यापाऱ्यांना समुद्रापलीकडच्या, आजच्या नेदरलँड्समधील झीलंड प्रांतात जायचे होते. वाऱ्याची वाट पाहण्यापलीकडे दुसरा उद्योग नसल्यामुळे ते विसाव्यासाठी किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्यातील शेफील्ड नावाच्या कापडव्यापाऱ्याने एका घरी जाऊन खायला मागितले. विशेषतः अंडी असतील तर ती द्यावीत, असे त्याने सांगितले. अंड्यांसाठी त्याच्या तोंडी आलेला शब्द होता 'एगेस'. घरधनिणीने उत्तर दिले की तिला फ्रेंच येत नाही. यावर शेफील्ड संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. तो इंग्रजीतच बोलत होता आणि त्याला फक्त अंडी हवी होती. अखेर दुसऱ्या एकाने 'एयरेन' हवीत असे म्हटले, तेव्हा बाईला उलगडा झाला आणि ती म्हणाली की आता तुमचे म्हणणे नीट कळले.

हा प्रसंग विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४९० साली छापलेल्या आपल्या 'एनेडॉस' या अनुवादाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे, आणि तो सांगून झाल्यावर त्याने जवळजवळ हताशपणे विचारले आहे की, आजच्या दिवसांत माणसाने लिहावे तरी काय, एगेस की एयरेन? इंग्रजी भाषेच्या इतिहासावरील बहुतेक पुस्तकांत ही गोष्ट येते आणि ती बहुधा गंमत म्हणूनच सांगितली जाते. प्रस्तुत लेखात मात्र तिच्याकडे एका निर्णयाचे प्रकरण म्हणून पाहायचे आहे. त्या दोन शब्दांपैकी 'एयरेन' हा दक्षिणेचा, म्हणजे केंटचा आणि लंडनच्या परिसराचा जुना शब्द होता, तर 'एगेस' हा उत्तर व पूर्व इंग्लंडात वसलेल्या डॅनिश लोकांबरोबर आलेला, मुळात नॉर्स शब्द. पुढे जी राष्ट्रीय प्रमाणभाषा लंडन आणि वेस्टमिन्स्टर यांच्या पंचक्रोशीत आकाराला आली, तिने आपल्या दारचा शब्द टाकून उत्तरेकडचा उचलला. प्रमाणभाषा म्हणजे सत्ताकेंद्राची बोली, हा आपल्याकडे पुण्याच्या संदर्भात वारंवार ऐकू येणारा समज इंग्रजीच्या बाबतीतही रूढ आहे. त्या समजाला तडा देण्यास हे एक अंडे पुरेसे आहे.

तीनशे वर्षांची पोकळी

इंग्रजीला प्रमाण लेखनाची परंपरा पूर्वी कधीच नव्हती असे नाही. दहाव्या आणि अकराव्या शतकांत विंचेस्टरभोवतीच्या मठांतून पश्चिम सॅक्सन बोलीवर आधारलेली एक बऱ्यापैकी स्थिर लेखनपद्धती रुजली होती आणि त्या प्रदेशाबाहेरचे लेखनिकही तिला धरून लिहीत असत. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर ही पद्धती टिकवून धरणारा राजाश्रय संपला. सनदा आणि चर्चचा कारभार लॅटिनमध्ये, सरदारांचा व पुढे न्यायालयांचा व्यवहार फ्रेंचमध्ये, आणि इंग्रजी लोकांच्या तोंडी, अशी कामांची वाटणी होऊन बसली.

या वाटणीचा परिणाम असा झाला की इंग्रजीत ज्याला लिहायचे असेल तो आपल्या गावच्या उच्चाराप्रमाणे लिहू लागला. त्यात अडाणीपणा मुळीच नव्हता. ज्या लेखनाचा वाचक शेजारच्या परगण्यापलीकडे जाणार नाही, त्याने दूरच्या माणसाची सोय का पाहावी? एडिंबरा येथे अनेक वर्षे काम करून मॅकिन्टॉश, सॅम्युएल्स आणि बेन्स्किन या अभ्यासकांनी १९८६ साली मध्ययुगाच्या उत्तरार्धातील इंग्रजीचा जो भाषिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात 'थ्रू' या एका साध्या शब्दाची पाचशेच्या आसपास लेखनरूपे नोंदलेली आहेत. कोणते रूप कोठे आढळते हे इतके ठरलेले होते की, अनाम हस्तलिखित कोणत्या भागातील लेखनिकाने लिहिले हे त्यातील शुद्धलेखनावरून सांगता येते. आज ज्याला आपण अशुद्ध लेखन म्हणू, ते त्या काळी माणसाचा पत्ता सांगत होते.

चौदाव्या शतकात फ्रेंचची पकड सैल होऊ लागली. १३४८ नंतरच्या महामारीने किमान एक तृतीयांश लोकसंख्या नाहीशी केली, त्यात फ्रेंच शिकवणारे आणि लॅटिन जाणणारेही गेले. १३६२ साली न्यायालयांत वाद-प्रतिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला, तोही लिहिला गेला फ्रेंचमध्ये, आणि निकालांची नोंद लॅटिनमध्येच ठेवावी असे त्यातच म्हटले होते. १३९९ साली चौथ्या हेन्रीने सिंहासनावरचा आपला हक्क इंग्रजीत सांगितला. तरीही बोलण्यात मानाचे स्थान मिळणे वेगळे आणि कागदावर मिळणे वेगळे. कागदावरचा बदल त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, युद्धाच्या छावणीतून आला.

छावणीतून आलेली पत्रे

पाचवा हेन्री १४१७ सालच्या ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा फ्रान्सवर चालून गेला. तोपर्यंत त्याच्या खासगी मुद्रेची पत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघत असत. या मोहिमेपासून ती इंग्रजीत निघू लागली आणि १४२२ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत इंग्रजीतच राहिली. त्याने हे का केले याबद्दल त्याचा स्वतःचा एकही खुलासा नाही, पण ज्या देशाशी लढायचे त्याच्याच भाषेत आपल्या प्रजेकडे पैसा आणि रसद मागणे किती विसंगत दिसले असते, हे समजायला फार तर्क लढवावा लागत नाही.

या पत्रांचा मजकूर पाहण्यासारखा आहे. १४१८ साली रुआँ शहराला वेढा घालून बसलेला राजा लंडनच्या महापौराला आणि नगरमंडळाला लिहितो की, जमतील तितक्या लहान होड्या तातडीने सज्ज करा, त्यांत खाण्याचे आणि विशेषकरून पिण्याचे जिन्नस भरा, आणि त्या हार्फ्लरवरून सीन नदीने रुआँच्या दिशेने जितक्या वर येऊ शकतील तितक्या पाठवा. ही भाषा काव्याची किंवा धर्मग्रंथाची नव्हती. कोणाला, काय, किती लवकर आणि कोठे पाठवायचे, हे गैरसमजाला जागा न ठेवता सांगणारी ती कामकाजाची भाषा होती. प्रमाण लेखनाची निकड नेमकी येथे उत्पन्न होते, कारण पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये समुद्र असतो आणि 'तुम्हाला नक्की काय हवे?' असे उलट विचारायला सवड नसते.

लंडनच्या धंदेवाईक मंडळींनी या बदलाची दखल लगेच घेतली. तेथील मद्य गाळणाऱ्यांच्या संघाने १४२२ साली आपले दप्तर यापुढे इंग्रजीत ठेवण्याचे ठरवले आणि त्याची कारणेही नोंदवून ठेवली : राजाने आपल्या पत्रांत मातृभाषा पत्करली आहे, आणि आपल्या व्यवसायातील पुष्कळांना इंग्रजी लिहिता-वाचता येते, परंतु लॅटिन आणि फ्रेंच मुळीच समजत नाही. या ठरावात मला दोन्ही कारणे एकत्र आलेली महत्त्वाची वाटतात. राजाचे उदाहरण ही प्रतिष्ठेची बाजू झाली. पण आपलाच हिशेब आपल्याला वाचता येत नाही ही अडचण राजाच्या पत्रापूर्वीही होतीच. वरून मिळालेली मोकळीक आणि खालून आलेली गरज यांची गाठ पडली तेव्हा गाडा हलला.

कारकुनाचा हात

आता प्रश्न येतो तो रूपांचा. इंग्रजीत लिहायचे ठरले, पण कोणत्या इंग्रजीत? १९६३ साली सॅम्युएल्स यांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या लेखनात चार स्थूल प्रकार वेगळे काढले आणि त्यांतील चौथा, म्हणजे १४३० नंतर सरकारी कागदांत दिसणारा, हा आधुनिक प्रमाण लेखनाचा पूर्वज असल्याचे मांडले. पुढे १९७७ साली जॉन फिशर यांनी या मांडणीला एक ठसठशीत कथानक दिले : वेस्टमिन्स्टरच्या चॅन्सरीतील, म्हणजे राज्याच्या मोठ्या मुद्रेच्या कचेरीतील कारकुनांनी हेन्रीच्या पत्रांच्या वळणावर एक सरकारी इंग्रजी घडवली, ती आज्ञापत्रांबरोबर देशभर पोहोचली आणि परगण्यांतील लेखनिकांनी तिचे अनुकरण केले.

कथानक आकर्षक आहे आणि अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून तेच शिकवले गेले. पण ते कागदपत्रांच्या कसोटीला पुरते उतरत नाही. चॅन्सरीतून बाहेर पडणारे बहुसंख्य कागद पंधराव्या शतकातही लॅटिनमध्येच होते. तिच्या दप्तरात जे इंग्रजी अर्ज सापडतात त्यांतील कितीतरी बाहेरून, परगण्यांतून आलेले आहेत. मायकेल बेन्स्किन यांनी २००४ साली हे तपशीलवार दाखवून दिले. या कचेऱ्यांतील जीवनाचा सर्वांत बोलका साक्षीदार थॉमस हॉक्लीव्ह यानेही नकळत त्याला दुजोरा दिला आहे. हा गृहस्थ १३८७ च्या सुमारास खासगी शिक्क्याच्या कचेरीत लागला आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथे लेखणी चालवत राहिला. तो कवीही होता, आणि एका दीर्घ काव्यात त्याने लेखनिकाच्या हालांचे वर्णन केले आहे : इतर कारागीर कामात असताना गाऊ शकतात, गप्पा मारू शकतात, पण लिहिणाऱ्याला मन, डोळा आणि हात एकत्र बांधून गप्प बसावे लागते, पोट दुखते, पाठ मोडते आणि सर्वांत जास्त डोळे जातात. हे सारे त्याने इंग्रजीत लिहिले. पण निवृत्तीच्या सुमारास आपल्या कचेरीतील नव्या उमेदवारांसाठी त्याने नमुन्याच्या पत्रांचा जो जाडजूड संग्रह तयार केला, तो मात्र फ्रेंच आणि लॅटिन मसुद्यांचा आहे. म्हणजे राजाने इंग्रजी पत्करल्यानंतरही कारकुनाला नोकरीसाठी जे यायला हवे होते, ते अजून फ्रेंचच होते.

मग फिशर यांचे म्हणणे पूर्ण टाकून द्यावे काय? माझ्या मते नाही. वेस्टमिन्स्टरच्या कारकुनांनी बसून काही ठरवले, हा त्यातील भाग टाकावा. पण निरनिराळ्या परगण्यांतून आलेली, एकमेकांचे मसुदे वाचणारी आणि नकलणारी माणसे एका आवारात काम करत असताना त्यांच्या लेखनातील फार गावठी वाटणारी रूपे हळूहळू गळत गेली, हा भाग शिल्लक राहतो. अभ्यासक अशा लेखनाला रंगहीन म्हणतात. त्यात एकच एक रूप ठरलेले नसते; दोन-तीन रूपे चालतात, पण ज्या रूपाने दुसऱ्या परगण्याचा वाचक अडखळेल ते टाळले जाते. प्रमाणभाषेची ही पहिली पायरी निवडीची नसून गाळणीची आहे.

नॉरफोकमधील पॅस्टन घराण्याची पत्रे सुदैवाने मोठ्या संख्येने टिकली आहेत, आणि ही गाळणी त्यांत जवळून पाहता येते. नॉरफोकचे लेखनिक 'शॅल' हा शब्द एस-एच ऐवजी एक्स या अक्षराने सुरू करत. त्या भागापुरते ते अगदी रीतसर होते आणि घरच्या बायकांसाठी लिहिणाऱ्या लेखनिकांच्या पत्रांत ते सर्रास दिसते. पण दरबारात, लंडनमध्ये, वकिलीच्या आणि लष्कराच्या निमित्ताने वावरलेल्या मुलांच्या पत्रांत हे एक्स मागे पडत जाते. कोणी त्यांना शिक्षा केली नव्हती, की नियमावली हातात दिली नव्हती. बाहेरच्या जगात राहणाऱ्या माणसाच्या लेखणीतून घरचे वळण आपोआप झिजत गेले, इतकेच.

लंडनमध्ये उत्तर कोठून आली

गाळणीनंतर उरते काय, हे त्या ठिकाणी कोण जमले आहे यावर ठरते. लंडन हे तेव्हा साधारण ५०,००० वस्तीचे, म्हणजे देशातील इतर कोणत्याही शहराच्या कित्येक पट मोठे शहर होते, आणि त्या काळच्या सर्व शहरांप्रमाणे जन्मांपेक्षा मृत्यू अधिक असल्यामुळे ते बाहेरून येणाऱ्या माणसांवरच टिकून होते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मध्य आणि पूर्व भागातून, काही प्रमाणात उत्तरेतूनही, उमेदवार, व्यापारी आणि कायद्याचे विद्यार्थी तेथे येत राहिले. मध्य भागाच्या बोलीला आणखी एक सोय होती : तिच्या एका बाजूला उत्तर आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण असल्यामुळे दोन्हीकडच्या माणसांना ती थोडीफार समजत असे, उलट अगदी टोकाच्या दोघांना एकमेकांचे बोलणे कळणे कठीण जाई.

याचा परिणाम एका सर्वनामाच्या प्रवासात सर्वांत स्पष्ट दिसतो. लंडनमध्येच वाढलेला कवी चॉसर १४०० साली वारला. तो 'ते' या अर्थी उत्तरेकडून आलेले 'दे' हे रूप वापरतो, पण 'त्यांचा' म्हणताना दक्षिणेचे 'हिर' आणि 'त्यांना' म्हणताना 'हेम' असे लिहितो. शंभर वर्षांच्या आत उरलेली दोन रूपेही गेली आणि 'देअर' व 'देम' ही नॉर्स मुळाची रूपे सरकारी कागदांत आणि पुढे छापील पुस्तकांत स्थिर झाली. सर्वनामे ही भाषेची हाडे असतात. शब्द उसने घेणे नित्याचे, पण 'ते' आणि 'त्यांचा' उसने घेणे दुर्मिळ. जी भाषा सर्वनामे बाहेरून घेते, तिला एका शहराची मूळ बोली म्हणणे धाडसाचे ठरेल.

अंड्याचेही तेच झाले. चॉसरच्या एका कथेतील गरीब विधवा अधूनमधून एखाददुसरे अंडे खाते, तेथे त्याने 'एय' हा शब्द लिहिला आहे. 'एयरेन' हे त्याचेच अनेकवचन. म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या लेखणीत दक्षिणेचा शब्द जिवंत होता, आणि १४९० साली कॅक्स्टनला प्रश्न पडला तेव्हा उत्तरेचा शब्द त्याच्या तोडीस तोड येऊन उभा राहिला होता. शेफील्ड हे उत्तरेकडील गावाचे नाव असल्यामुळे तो कापडव्यापारी किंवा त्याचे घराणे तिकडचे असावे असा तर्क केला जातो, आणि तो पटण्यासारखा आहे.

मुद्रकाची अडचण

कॅक्स्टन हा साहित्यिक होण्यापूर्वी व्यापारी होता. लंडनच्या कापडव्यापाऱ्यांच्या संघात उमेदवारी करून तो परदेशी गेला, आणि त्याच्याच शब्दांत सांगायचे तर सुमारे तीस वर्षे ब्राबांट, फ्लँडर्स, हॉलंड आणि झीलंड या भागांत राहिला. ब्रूज येथे तो इंग्रज व्यापाऱ्यांचा प्रमुखही होता. छपाईची कला तो कोलोन येथे शिकला, इंग्रजी भाषेतील पहिले छापील पुस्तक त्याने १४७३-७४ च्या सुमारास इंग्लंडबाहेरच काढले, आणि १४७६ साली मायदेशी परतून वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आवारात जागा भाड्याने घेतली. जागेची निवड व्यापाऱ्याची होती. लंडन शहराच्या कोटापासून दूर असले तरी वेस्टमिन्स्टरला संसद, न्यायालये आणि राज्याच्या कचेऱ्या होत्या. वाचता येणारे आणि खिशात पैसे असलेले गिऱ्हाईक दारावरून जात होते. त्याच्या इंग्लंडमधील छपाईचा सर्वांत जुना दिनांकित पुरावा म्हणजे १३ डिसेंबर १४७६ ही तारीख हाताने भरलेले एक पापक्षमापत्र, ज्यात नाव आणि तारीख यांसाठी जागा मोकळ्या सोडल्या होत्या. देशातील छपाईचा आरंभ एका छापील अर्जवजा कागदाने व्हावा, आणि तोही लॅटिनमध्ये, ही बाब मला महाकाव्यांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांत भाषेच्या दृष्टीने जो फरक आहे, त्यातून कॅक्स्टनची अडचण जन्माला आली. लेखनिक एका वेळी एक प्रत करतो आणि ती बहुधा कोणासाठी करतो आहे हे त्याला माहीत असते. उत्तरेच्या गिऱ्हाइकासाठी नक्कल करताना तो मूळ दक्षिणी रूपे बदलून टाकी, आणि असे बदलणे हा त्याच्या कामाचा भागच होता. मुद्रकाला ही मुभा नाही. एकदा खिळे जुळवून फर्मा बांधला की निघणाऱ्या शेकडो प्रतींत तोच शब्द राहणार, आणि त्या प्रती कोणत्या परगण्यात जातील हे त्याला ठाऊक नसणार. कागदात आणि मजुरीत आधीच पैसा गुंतलेला. अशा माणसाला 'एगेस की एयरेन' हा प्रश्न व्याकरणाचा नसून मालाच्या खपाचा असतो.

त्याच प्रस्तावनेत त्याने आपल्यावर दोन्हीकडून होणाऱ्या टीकेचेही वर्णन केले आहे. काही सभ्य गृहस्थ त्याला म्हणत की तुझ्या अनुवादांत सामान्यांना न कळणारे भारी शब्द फार असतात, जुने घरगुती शब्द वापर. विद्वान मंडळी म्हणत की सापडतील तितके दुर्मिळ शब्द घाल. वेस्टमिन्स्टरच्या मठाधिपतीने त्याला जुन्या इंग्रजीतील काही दस्त दाखवले, तर ते इंग्रजीपेक्षा डचसारखे दिसले आणि त्याला लावता आले नाहीत. आपल्या जन्माच्या वेळची भाषा आणि आजची भाषा यांत खूप अंतर पडले आहे, असे सांगून तो म्हणतो की आम्ही इंग्रज चंद्राच्या अमलाखाली जन्मलेले, त्यामुळे सतत कमी-जास्त होत राहणारे. शेवटी त्याने जाहीर केले की अगदी ओबडधोबड आणि अगदी नटवे यांच्या मधली भाषा मी वापरली आहे, हे पुस्तक खेडवळ माणसासाठी नसून शिकलेल्या सद्गृहस्थांसाठी आहे, आणि काही चुकले असल्यास ऑक्सफर्डने गौरवलेले कवी जॉन स्केल्टन यांनी ते सुधारावे.

म्हणजे त्याने मोठा निर्णय घेतलाच नाही. कॅक्स्टनने इंग्रजी प्रमाणित केली असे जे म्हटले जाते ते त्याच्या पुस्तकांवर नजर टाकली तरी टिकत नाही. एकाच पानावर एकच शब्द दोन प्रकारे लिहिलेला सापडतो, आणि त्याच्या छापखान्यातील काही रूपांवर तर फ्लँडर्सकडच्या सवयीची छाया आहे. 'गोस्ट' या शब्दातील जी नंतरचा मुका एच त्याच वाटेने आला असे मानले जाते. त्याने जे केले ते एवढेच की, वेस्टमिन्स्टरच्या कचेऱ्यांत आधीपासून चालत आलेले रंगहीन लेखन, त्याच्या सर्व डगमगीसह, शेकडो प्रतींत गोठवले. पुढच्या मुद्रकांनी त्या गोठलेल्या लेखनातील पर्याय एकेक करून कमी केले, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील इंग्रजीचे शुद्धलेखन बव्हंशी आजच्यासारखे झाले. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ सालचा. तोपर्यंत ठरवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

या संथ गोठण्याची एक किंमत मोजावी लागली. लेखन स्थिर होत होते त्याच काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा सोडून सरकत होते आणि 'नाइट' मधला क व घशातला घर्षक ध्वनी मावळत होता. अक्षरे मात्र पंधराव्या शतकातील उच्चाराशी इमान राखून बसली. के-एन-आय-जी-एच-टी असे घोकताना मराठी शाळेतील मुलाला जो वैताग येतो, त्याचे मूळ या वेळापत्रकात आहे.

कोणाची भाषा ठरली

पुढे शंभर वर्षांनी, १५८९ साली, जॉर्ज पटनम याच्या नावावर असलेल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात या घडामोडीचा हिशेब प्रथमच उघडपणे मांडलेला दिसतो. कवीने कोणती भाषा वापरावी? दरबाराची, आणि लंडन व त्याच्या भोवतालच्या सुमारे ६० मैलांतील परगण्यांची. ट्रेंट नदीपलीकडची उत्तरेची बोली घेऊ नये, जरी आज तीच अधिक शुद्ध सॅक्सन इंग्रजी असली तरी. कारण ती तितकी दरबारी नाही आणि तितकी चलनात नाही. तो पुढे असेही म्हणतो की प्रत्येक परगण्यात दक्षिणेसारखे उत्तम बोलणारे, आणि विशेषतः लिहिणारे, सद्गृहस्थ आढळतात, सामान्य लोक मात्र तसे नाहीत. 'विशेषतः लिहिणारे' हे त्याचे शब्द जपून ठेवण्याजोगे आहेत. प्रमाण इंग्रजी तोवर तरी लेखणीची भाषा होती. तिचा वर्गाशी संबंध जुळला होता, पण एकच एक प्रमाण उच्चार हा फार नंतरचा विषय.

पटनमने शुद्धता आणि चलन यांत जो भेद केला आहे, त्यात या प्रकरणाचा निकाल दडलेला आहे. शुद्धतेच्या निकषावर 'एयरेन' जिंकायला हवा होता. तो अस्सल जुन्या इंग्रजीतून उतरलेला, राजधानीच्या दारातला. चलनाच्या निकषावर तो हरला, कारण पूर्व, मध्य आणि उत्तर भागांतून लंडनमध्ये येणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी 'एग' होता. ज्या भाषेने पुढे राष्ट्रीय म्हणून मान मिळवला, ती लंडनमध्ये बसून इतरांनी तडजोड करून लिहिलेली भाषा होती. स्कॉटलंडमध्ये स्वतःच्या संसदेच्या नोंदींसह एक वेगळे प्रमाण घडत होते, पण तेथील धर्मसुधारकांनी इंग्रजी बायबल स्वीकारले आणि १६०३ साली राजा सहावा जेम्स लंडनला राहायला गेला, तेव्हा तेथेही चलनाचे पारडे फिरले.

सर्वांत मोठा विरोधाभास कॅक्स्टनच्या स्वतःच्या बाबतीत आहे. तो केंटच्या वील्ड भागात जन्मला, आणि आपल्या पहिल्या छापील पुस्तकात त्याने कबूल केले आहे की तेथे देशातील कोणत्याही भागाइतकीच ओबडधोबड इंग्रजी बोलली जाते. ज्या बाईला 'एगेस' हा शब्द फ्रेंच वाटला ती त्याच परगण्याची. लहानपणी त्याने आपल्या आईकडे अंडे मागितले असेल तर बहुधा तिच्याच शब्दात मागितले असेल. प्रस्तावना लिहिताना मात्र तो शेफील्डच्या बाजूने उभा राहून गोष्ट सांगतो, आणि हसू बाईचे होते.

'एयरेन' आणि त्याचे एकवचन 'एय' हे दोन्ही शब्द पुढच्या काही पिढ्यांत वापरातून गेले. त्यांचा एक अवशेष मात्र उरला. कोंबड्याने घातलेले अंडे, म्हणजे लहान, वेडेवाकडे अंडे, या अर्थी चौदाव्या शतकात 'कोकेनेय' असा एक जोडशब्द होता. त्याचा अर्थ आधी लाडावलेले पोर, मग शहरी नाजूक माणूस, आणि १६०० च्या सुमारास खास लंडनमध्ये जन्मलेला माणूस असा सरकत गेला. आज तोच शब्द 'कॉकनी' या रूपात लंडनच्या त्या बोलीचे नाव आहे, जिला प्रमाण इंग्रजीने कधी आपल्यात घेतले नाही.